चक्र फिरतंय तोवर

गुलाबी मेणात रोवलेला तो स्क्रू तिळाएवढा, काळा, डोक्यावर फुलीची खाच... आणि त्याच्या शेजारचा मात्र गायब. ती ओणवी होऊन टेबलाखाली चाचपडत राहिली, आणि तो निघाला तिच्याच करंगळीला चिकटलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा. ती एकटीच हसली. दातांच्या कवळ्या करण्यात तिची निम्मी हयात गेली होती. जिथला दात तिथेच मेणात उभा करायचा, ही हाताची सवय. म्हणून लॅपटॉपच्या पाठीचे स्क्रूही तिने मेणाच्या पट्टीवर तसेच मांडले होते.

लॅपटॉप लेकीचा, कॉलेजातला. खेळ खेळण्यासाठी हट्टाने घेतलेला. अंगाने अजून दांडगा, पण पंखा फिरू लागला की पिठाची गिरणी. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना लेकीने तो आईच्या हवाली केला, वर एक खेळ शिकवला, आणि तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी दोघी आपापल्या घरून एकच जहाज चालवतात. सुकाणू लेकीकडे, शिडं आईकडे – आणि ऐन खडकांपाशी आईचा पडदा गोठतो. जहाज बुडतं. दर वेळी.

"म्हाताऱ्याला कवळी बसवतेस होय?" नवऱ्याने पेपरामागून विचारलं.

"कवळीवरच चाललंय आपलं घर," ती म्हणाली, आणि तो पुन्हा पेपरात शिरला.

दुकानदाराने नीट समजावलं होतं. ग्राफिक्स कार्ड बोर्डालाच जोडलेलं, त्याला हात लावता येणार नाही. पण मेमरी वाढवा, खेळ अडकायचा थांबेल. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, खेळ झटक्यात उघडेल. पंखा साफ करा, गरम व्हायचा नाही. तिने दोन्ही वस्तू आणल्या. पंख्यातून मांजराच्या शेपटीएवढी धूळ निघाली, मेमरीची पट्टी खटकन बसली – दाढ जागेवर बसल्यासारखी – आणि तिला उगाच स्वतःचं कौतुक वाटलं. या वयात मी हे करतेय, शाबास!

मग एसएसडी हातात आली, आणि हात थांबला.

झटक्यात उघडेल... म्हणजे ते चक्र फिरणार नाही. खेळ उघडेपर्यंत पडद्यावर एक चक्र फिरत राहतं. इतका वेळ, की चहा उकळून निवावा. कानांत हेडफोन, पलीकडे लेक, दोघींना काही काम नाही. आणि त्या वेळात ती जे बोलते... एरवी फोन केला की, हो गं आई, सगळं ठीक, जेवले, ठेवते. पण चक्र फिरताना कुणी कुणाला विचारत नसतं, म्हणूनच की काय, बोलणं आपोआप सुटतं. गेल्या रविवारी असंच. "आई, मला इथून परत यावंसं वाटतंय," ती म्हणाली होती, अगदी सहज, आणि तेवढ्यात खेळ उघडला. "जाऊ दे, शिडं सोड."

आणि मी सोडली! खुळी कुठली. आठवडाभर ते अर्धं वाक्य कवळीखाली अडकलेल्या कणासारखं टोचत होतं. आठवड्यात फोनवर विचारलं, तर सगळं ठीक. मग ही एसएसडी बसवायची कशाला? मेमरी पुरे, जहाज तेवढ्यानेही पार जाईल. पण आईपायी किती ताटकळायचं पोरीने? एक दिवस कंटाळली म्हणजे? लॅपटॉपचं उघडं पोट समोर, हातात दोन पर्याय, आणि आपण न्यायाधीश... तिने उसासा टाकला आणि एसएसडी बसवली. जुन्या डिस्कमधलं सगळं दुकानदाराने आधीच नवीत उतरवून दिलं होतं. एकेक स्क्रू मेणातून निघून आपल्या जागी गेला. एकही उरला नाही.

संध्याकाळी हेडफोन लावले, बटण दाबलं. तिने अजून श्वासही घेतला नव्हता, तोच समोर समुद्र – निळा, लखलखीत, लाटा कशा लोण्यासारख्या सरकताहेत, जहाज धक्क्याला डुलतंय. इतकं सुंदर होतं हे? तिचा जीव हरखला. खाली एकच बटण चमकत होतं: तयार. ते दाबलं की लेकीला ती डेकवर दिसणार.

"आई, आलं का उघडत?"

बोट बटणावर होतं. तिने ते अलगद उचललं, मांडीवर ठेवलं.

"नाही गं. चक्र फिरतंय अजून."

"बसव की नवं काहीतरी त्यात."

"बसवू, बसवू. घाई काय आहे? तू बोल."

पलीकडे खुर्ची करकरली. लेकीने काहीतरी बोलायला श्वास घेतला, आणि सोडला, आणि पुन्हा घेतला. आईने विचारलं नाही. शिडं गुंडाळलेली होती, वारा अनुकूल होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलून तिला इतकं निवांत वाटत होतं.