पंपाजवळ बोलायचं नाही

ही गेल्याचं कळलं तेव्हा मी इमारतीच्या तळघरात पाण्याच्या पंपाजवळ उभा होतो. हॉस्पिटलमधून मुलीचा फोन आला. "बाबा, आई गेली." मी फक्त "बरं" म्हणालो. रेकॉर्डिंग चालू होतं, आणि पंपाजवळ बोलायचं नाही हा हिचा नियम होता. पंप थांबेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

बरीच वर्षं पॉलिटेक्निकात शिकवल्यावर हिने पीएच.डी.ची जागा मिळवली होती. फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन. माझी बहीण म्हणाली, "वहिनी, या वयात शाळा? डबा कोण भरून देणार?"

"तुमचे दादा. आणि वन्सं, शिकायचे पैसे विद्यापीठ मलाच देतं. तुम्हाला कधी कोणी दिले होते?"

बहीण चहाचे कप उचलून आत गेली. तिला गप्प करणं सोपं काम नाही. डबा मात्र खरंच माझ्या गळ्यात पडला.

पंप बिघडण्याआधी त्याचा आवाज कसा बदलतो, ते संगणकाला ओळखायला शिकवायचं, हा हिचा विषय. प्रयोगशाळेतले पंप नवेकोरे. आमचा म्हातारा, म्हणून त्याला मायक्रोफोन लावला. सुरुवातीला संगणक भलतंच सांगायचा. पंप घरघरला की मी खाली जायचो आणि धुळीने खोकायचो. संगणकाने माझा खोकलाच बिघाडाची खूण म्हणून धरला.

"अहो, हा म्हणतोय तुमचं बेअरिंग गेलं."

"मग नवं बसव."

"मिळत नाही. मॉडेल जुनं झालं."

तेव्हापासून तो नियम. ही आजारी पडल्यावर रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं.

ही गेल्यावर काही दिवसांनी तिचे मार्गदर्शक घरी आले. आमच्या मुलीच्या वयाचे, पण ही त्यांना सरच म्हणायची.

"काका, निधी शिल्लक आहे. पण समिती म्हणते, रेकॉर्डिंगमध्ये खंड पडला असेल तर विषय बंद करून जागा दुसऱ्या कामाला द्यायची."

"खंड कशाला पडेल? आज सकाळचंही आहे."

त्यांनी विचारलं, "आणि त्या दिवशीचं?"

"तेही."

गेल्या महिन्यात पीएच.डी.च्या त्या जागेची जाहिरात लागली. विषय हिचाच, शब्दही हिचेच. काम कुणी सुरू केलं तेही त्यात छापलंय, पूर्ण नावानिशी. बहिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "दादा, एक प्रत मला दे. सासरी दाखवते."

निवड झालेली मुलगी काल घरी आली. हुशार आहे, सगळ्या फायली नीट ऐकून आली होती.

"काका, एका फाइलमध्ये मध्येच कुणीतरी बोललंय. एकच शब्द आहे. कापून टाकू?"

"कापायलाच हवा," मी म्हणालो. "नियम आहे. पण आज नको."

तेवढा शब्द अजून कापायचा राहिला आहे.