दोनशे अकरा नंबरचं डोकं

डोकं चिकटवलेलं होतं.

तसं त्यात वावगं काही नव्हतं. दीड मिलिमीटरची माशी, तिचं डोकं खसखशीच्या दाण्यापेक्षा लहान. वाळली की मान मोडते. मग म्युझियममधलं कुणीतरी सुईच्या टोकावर डिंक घेतं आणि श्वास रोखून ते परत बसवतं. विल्गॉटने स्वतः अशी पन्नासेक डोकी बसवली असतील.

पण हे डोकं त्या मानेला मोठं होतं.

त्याने दिवा डावीकडे सरकवला. मग उजवीकडे. डोळे चोळून परत बघितलं. शेवटी शेजारी रोजची, ढिगाने सापडणारी एक माशी ठेवली आणि दोन्ही धडं ताडून पाहिली. पंख तेच, कंबर तीच, पाठीवरची रेघ तीच. म्हणजे धड अगदी साधं, आणि डोकं मात्र जगात दुसरीकडे कुठे न दिसलेलं.

दोन माश्यांची मिळून एक माशी झाली होती. आणि त्या एका माशीवर राग्नाचं नाव होतं.

विल्गॉट स्वीडनमधल्या ओलांड बेटावर ब्रेडची गाडी चालवायचा. कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही. दहा वर्षांपूर्वी राग्ना हुल्टेब्रिंगच्या दारात दोन राय ब्रेड ठेवताना तिने त्याच्या खिशातली काडेपेटी बघितली आणि विचारलं, "त्यात काय आहे?" तो ओशाळून म्हणाला, "माश्या." ती म्हणाली, "मग उभा काय राहिलास? आत ये." तेव्हापासून दर शुक्रवारी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघं बसायचे, मध्ये तिचा जुना मायक्रोस्कोप. "पोटाचा रंग बघू नकोस, रंग खोटं बोलतो. मिशांची पेरं मोज." हे वाक्य त्याने हजारदा ऐकलं असेल. या माश्या दुसऱ्या किड्यांच्या अंड्यात आपलं अंडं घालतात, पोर आतल्या आत खाऊन मोठं होतं. त्यांच्या शेकडो जाती, निम्म्यांना नावच नाही. विल्गॉटला जे काही येत होतं ते सगळं त्या टेबलावरचं.

राग्ना एकतीस वर्षं म्युझियममध्ये माश्या कार्डावर चिकटवायचं काम करत होती. प्रोफेसर लोक त्या माश्यांवर लेख लिहायचे. तिचं नाव कुठल्याच लेखात यायचं नाही. फक्त एकदा आलं. प्रोफेसर ओस्टेलिनने आल्वारवरच्या, म्हणजे बेटाच्या त्या उघड्या चुनखडीच्या माळावरच्या, एका माशीसाठी नवी प्रजाती काढली आणि तिला नाव दिलं 'राग्नेला'. खाली एक ओळ: 'जिच्या हातांनी ही माशी तयार झाली तिच्या सन्मानासाठी.' राग्नाने ते पान कापून फ्रेम नव्हतं केलं, ती तसली बाई नव्हे. पण ते कुठल्या कपाटात, कितव्या फायलीत आहे ते तिला झोपेतही सांगता आलं असतं.

त्या माशीसारखी दुसरी कुणालाच सापडली नाही. विल्गॉटने चार उन्हाळे माळावर जाळं फिरवलं. म्हणूनच त्याने म्युझियमकडे मूळ नमुना मागितला होता. नाव ज्या एका माशीवरून दिलेलं असतं ती तांबड्या चिठ्ठीखाली जपून ठेवतात, नावाचं सगळं ओझं तिच्यावर असतं. तिचं सगळं नीट बघून घ्यावं, मग शोधायला सोपं जाईल, एवढाच त्याचा विचार.

आता हे.

नियम सोपा आहे. मूळ नमुना दोन माश्यांचा निघाला, तर ज्याच्या लक्षात येईल त्यानेच छापून सांगायचं की कुठला तुकडा खरा धरायचा. धड धरलं तर ती माशी साध्या, जुन्या प्रजातीत जाते आणि 'राग्नेला' हे नाव कायमचं पुसलं जातं. डोकं धरलं तर नाव राहतं, पण नुसत्या डोक्यावर. धड कुठलं ते कुणाला ठाऊक?

तिसरा रस्ताही होता. डबी बंद करायची, आभाराची चिठ्ठी घालायची, पोस्टात टाकायची. साठ वर्षं कुणाला दिसलं नाही, अजून साठ वर्षं दिसणार नाही.

खरं सांगायचं तर त्याने चिठ्ठी लिहिली. डबीवर टेपही लावली.

शुक्रवारी ती डबी बगलेत घेऊन तो तिच्याकडे गेला.

राग्नाने क्रोपकाकोर उकडले होते. बटाट्याचे ते गोळे, आत खारं डुकराचं मांस, वर साय. विल्गॉट एरवी सहा खायचा. आज दुसऱ्यावरच काटा फिरवत बसला.

"आजारी आहेस का?"

"नाही."

"मग पोरगी सोडून गेली?"

"पोरगी आहे कुठे सोडून जायला?"

"तेच म्हणते मी. मग मांस कच्चं राहिलंय?"

"राग्ना, डोकं दुसऱ्या माशीचं आहे."

बोलून गेला आणि त्याला वाटलं जीभ कापून टाकावी. असं सांगायचं नव्हतं. गाडीत येताना त्याने चांगली सुरुवात जुळवली होती, 'तू मला जे शिकवलंस' वगैरे. ती सगळी विसरला.

राग्नाने सुरी ठेवली. त्र्याऐंशी वर्षांची बाई, पण तिची नजर अजून टाचणीसारखी.

"दाखव."

त्याने टेप एका झटक्यात फाडली. त्यावर तिने टोमणा मारला, "सावकाश, तेही डोकं पाडशील." मग ती मायक्रोस्कोपवर वाकली. खूप वेळ वाकलेली राहिली. साय गार झाली.

"डिंक माझाच," ती शेवटी म्हणाली. "मी त्यात थेंबभर व्हिनेगर घालायची. पिवळा पडतो."

"म्हणजे तू..."

"मीच. दोन डोकी पडली होती त्या दिवशी." ती खुर्चीत मागे रेलली. "ओस्टेलिन तपकीर ओढायचा. माझ्या मागे उभा राहून बघत होता, आणि शिंकला. देवा रे, ती शिंक! समोर दोन कार्डं होती, दोन्हीवरची डोकी उडाली. मी गुडघ्यावर बसून टेबलाखाली शोधत होते आणि तो वर नाक पुसत विचारतोय, 'राग्ना, खाली काय करतेस?' सापडली दोन्ही. बसवली. त्याला सांगितलंच नाही. शिंक त्याची, पण बोलणी मला बसली असती."

विल्गॉट हसायला लागला आणि थांबला. कारण ती हसत नव्हती.

"आणि मग त्याने लेख लिहिला," ती म्हणाली. "माझं नाव दिलं. चार-पाच वर्षांनी एकदा भांडी घासताना मनात आलं, की त्यातलं कुठलं डोकं कुठे गेलं? तेव्हा मी अजून तिथेच कामाला होते. तोच खण माझ्या हाताखाली होता. उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं." ती थांबली. "नाही बघितलं. एकदाही नाही. तुला दहा वर्षं सांगतेय, बघ, मोज, बघ, मोज. आणि मी स्वतः बघितलं नाही."

बाहेर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर गेला.

"डोकं धरून नाव ठेवता येतं," विल्गॉट हळूच म्हणाला. "नियमात बसतं. मी ठरवायचं आहे."

"नुसत्या डोक्यावर?" ती भडकली. "अरे, उद्या कुणीतरी म्हणेल, हे डोकं तर अमक्या जुन्या माशीचं, तिचं नाव शंभर वर्षांपासून आहे. मग तू मूर्ख ठरशील आणि तेही माझ्यामुळे. माझ्यासाठी नाव ठेवू नकोस. धड नसेल तर पुसून टाक. ऐकतोयस?"

"ऐकतोय."

"मग असा चेहरा करू नकोस. खा."

त्याने खाल्लं. तिसरा गोळा तोंडात होता तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो घास तसाच ठेवून बोलला, "दोन डोकी पडली म्हणालीस ना? मग दुसरी माशी? तिच्यावर जर हिचं डोकं बसलं असेल, तर हिच्यावरच्या डोक्याचं धड..."

"घास गिळ आधी." पण ती उठली होती. तिने कार्ड उलटं करून भिंगाखाली धरलं. मागे पेन्सिलीने, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात: २११. "मी मागे नंबर घालायची. हे २११. दुसरी २१० नाहीतर २१२. कोट घे माझा."

पूल ओलांडून मुख्य भूमीवर, मग दक्षिणेकडे तीन तास. ब्रेडच्या गाडीतून. मागे सकाळचे रिकामे क्रेट खडखडत होते. राग्नाने डबी मांडीवर घट्ट धरली होती. एकदाच म्हणाली, "तुझी गाडी दालचिनीचा वास मारते," आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही.

म्युझियममधला हेनिंग त्यांना दारात भेटला. नमुने सांभाळायचं काम आता त्याच्याकडे. बंद व्हायला दोन तास होते.

"राग्ना! मला वाटलं तू..."

"मेलीस? नाही अजून. चौसष्टचं, जुलैतलं, ओलांडचं जे काही आहे ते काढ."

"ते सगळीकडे विखुरलंय. ओस्टेलिनने अर्धं इथे ठेवलं, अर्धं बाहेर वाटलं."

बाहेर वाटलेलं म्हणजे गेलंच. त्याने राग्नाकडे बघितलं. ती कोट काढून बाह्या सारत होती.

साध्या प्रजातीचे आठ खण. एकेका खणात दोन-दोनशे टाचण्या. टाचणी उचलायची, कार्डाची मागची बाजू आरशात बघायची, परत ठेवायची. २१० सापडली लगेच, धड साधं, डोकं साधं, आणि मानेवर डिंक नाही. मग काहीच नाही. १९८. २०५. २२०. मध्ये हेनिंगने कॉफी आणली. ती दाराबाहेर उभं राहूनच प्यावी लागते. राग्ना प्यायला गेलीच नाही.

शेवटचा खण झाला. २१२ नव्हती.

"ठीक आहे," राग्ना म्हणाली. अगदी सहज. मग तिने टेबलाची कड धरली आणि विल्गॉटला कळलं की सहज नाहीये. "ठीक आहे. बघितलं ना आपण? झालं."

"थांब," विल्गॉट म्हणाला. त्याला एक गोष्ट खुपत होती. "आपण साध्या माश्यांत बघतोय. पण २१२ चं नुसतं डोकं साधं. धड वेगळं. ती हातात घेतलेल्या माणसाने काय केलं असतं? साध्यात घातली असती?"

राग्नाने त्याच्याकडे बघितलं. "घातली नसती. जमत नाही म्हणून बाजूला टाकली असती."

"हेनिंग, न जमलेल्या कुठे आहेत?"

हेनिंगने मान खाजवली. "तळघरात. पण तिथे कुणी जात नाही रे."

सिगारच्या लाकडी पेट्या होत्या, बारा. तिसऱ्या पेटीत कोपऱ्यात एक टाचणी, कार्डाच्या मागे पेन्सिलीने २१२, आणि पुढे ओस्टेलिनच्या अक्षरात फक्त एक प्रश्नचिन्ह. विल्गॉटने भिंगाखाली धरली. मानेवर पिवळा डिंक. डोकं साधं. आणि धड... कंबर लांबलचक, पंखांच्या कडेला झालरीसारखे केस, पाठीवर तीन खाचा. असलं धड त्याने कधीच बघितलं नव्हतं. मग मानेचा मोडलेला काठ. डावीकडे एक टवका उडालेला. २११ वरच्या डोक्यामागेही तेवढाच टवका, बाहेर आलेला.

त्याने राग्नाला जागा दिली.

ती वाकली. या वेळी फार वेळ लागला नाही.

"आहे," ती म्हणाली. "बाई आहे खरी."

आणि मग ती हसली. खुर्चीवर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "त्याच्याच हातात होती! स्वतःच्या शिंकेने उडवलेली, आणि प्रश्नचिन्ह काढून ठेवून दिली गाढवाने!" हेनिंग घाबरून पाणी आणायला धावला.

आता डोकं खरं धरलं की नाव राहणार होतं, धडासकट. पण डोकी अदलाबदल करून पुन्हा चिकटवायची नाहीत. जुनी चिठ्ठीही काढायची नाही, मग ती कितीही चुकीची असो. खाली नवी जोडायची, एवढंच. विल्गॉटने खिशातून कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन काढलं, पण राग्ना म्हणाली, "पेन दे."

तिचा हात आता कापायचा. तीन चिठ्ठ्या वाया गेल्या. चौथीवर तिने लिहिलं: 'डोकं २१२ चं. चुकून मी लावलं, जुलै १९६४. रा. हुल्टेब्रिंग.' दुसरी तशीच २१२ साठी. स्वतःच टाचणीत ओवल्या.

परतताना पुलावर वारा होता. गाडी हलत होती. विल्गॉट बराच वेळ शब्द जुळवत राहिला आणि शेवटी जुळवायचं सोडून म्हणाला, "मी डबी परत पाठवणार होतो. गपचूप. चिठ्ठीही लिहिली होती."

"माहीत आहे. टेप लावलेली होती."

"रागावली नाहीस?"

"विल्गॉट, मी साठ वर्षं खण उघडला नाही. तू एका आठवड्यात टेप फाडलीस." ती खिडकीबाहेर बघत होती. "ओस्टेलिनने माझे आभार मानले, ते त्याला न दिसलेल्या गोष्टीसाठी. छान वाटलं होतं तेव्हा. पण आजच्यासारखं नाही. माझं काम कुणीतरी भिंगाखाली धरून नीट बघितलं, चुकीसकट. थँक यू रे."

विल्गॉटने गियर बदलला, गरज नसताना.

"लेख लिहिशील तेव्हा," ती म्हणाली, "चूक माझी म्हणून लिही. नावासकट."

"आभारात?"

"आभार कोण वाचतं? मधोमध लिही, जिथे लोक वाचतात. शिंकही लिही."

"शिंक छापणार नाहीत."

"मग मागून वारा आला नि डोकी उडाली म्हण." ती जरा थांबली. "आणि आभारही मान माझे. मी का सोडू?"

"मी दोन पानं लिहिणार होतो."

"एक ओळ. आणि हेनिंगची पण, तळघराची किल्ली त्याची होती."