पूजेच्या तबकातले अठरा रुपये

मी चिंचवडच्या एका किराणा दुकानातली जुनी खतावणी आहे. मित्रांनो, म्हाताऱ्या वहीने गोड बोलावे असे तुम्हाला वाटत असेल. पण मला राग आला आहे आणि इतक्या वर्षांत तो गेलेला नाही.

माझे काम सोपे होते. गिऱ्हाइकाने माल उधार नेला की त्याच्या खात्यात रक्कम नावे लिहायची, पैसे दिले की जमा लिहायची. उरते ती बाकी. ज्याच्याकडून बाकी येणे असते, त्याला तुमच्या पुस्तकात ऋणको म्हणतात. पिंपरीला कारखान्याचे बांधकाम निघाले, परगावचे मजूर आले, तेव्हा आमचे मालक लक्ष्मणराव त्यांना पगारापर्यंत उधार देऊ लागले.

बीडकडून आलेल्या सोजराबाईचे खाते माझ्यात होते. तिचा नवरा ज्योतीराम गवंड्याच्या हाताखाली राबायचा. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मालकांनी जुन्या वहीतल्या बाक्या माझ्यात उतरवल्या. सोजराबाईच्या नावे अठरा रुपये. मग मला पाटावर बसवले.

सांजेला ती स्वतः आली आणि मालकीणबाईंच्या देखत पैसे पुढे केले. "सणासुदीला देणं नगं, मालक."

मालकांनी ते पूजेच्या तबकात ठेवले. "वह्या पूजेला बसल्यात. आता लेखणीला हात लावायचा नसतो. पाडव्याला मांडतो."

मला हळदकुंकू वाहिले, पुढे पेढा ठेवला. एक ओळ तेवढी लिहिली नाही. पाडव्याला तबकात अठरा रुपये जास्त भरले, तर सोजराबाईला साफ विसरून हा गृहस्थ हात जोडून म्हणतो, लक्ष्मी प्रसन्न झाली!

आठवड्याने सोजराबाई ज्वारी मागायला आली. मालकांनी मला उघडून चारचौघांत तिच्या खात्यावर बोट ठेवले.

"आदी मागली बाकी दे."

"दिली की. पूजेच्या सांजंला तुमच्या हातावर ठिवली."

"वहीत न्हाई. वही खोटं बोलती व्हय?"

दुकानातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सोजराबाईची मान खाली गेली. अरे, वहीला काय विचारता? तुम्ही लिहाल तेच ती दाखवते. मला तोंड असते तर मी तिथेच ओरडले असते.

घरात पीठ नव्हते. तिने दंडातली चांदीची वाकी मोडली आणि अठरा रुपये पुन्हा भरले. ते मात्र लगेच जमा झाले. त्यानंतर ती दुकानाची पायरी चढली नाही.

मालकीणबाई शालनबाई भाऊबीजेला महाळुंग्याला माहेरी गेल्या होत्या. परतल्यावर त्यांच्या कानावर हे आले.

"अवो, तिनं माझ्यासमोर पैसं दिलं. तुमीच तबकात ठिवलं न्हवं का?"

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी गुपचूप मला उघडले आणि पूजेच्या दिवसाची तारीख घालून रक्कम जमा केली.

"आता तिला बोलवा. चारचौघांत सांगा," शालनबाई म्हणाल्या.

"लिवलंय न्हवं? झालं तर."

काय झालं? मित्रांनो, हिशेबाच्या तासाला एवढे लक्षात ठेवा. पैसे हातात पडले की आधी जमा लिहा, मग माझ्या पाया पडा.

त्या पानावर आजही अठरा रुपये जास्त जमा आहेत. सोजराबाईकडे काही येणे नाही, उलट तिलाच देणे आहे. ऋणको लक्ष्मणराव आहेत, आणि हे तिला कोणीही सांगितलेले नाही.