हार घातलेलं शून्य

मी बोलतोय, आणि कुणाची परवानगी मागून नाही. माझ्या सहा भावांवर माणसांची नावं छापली आहेत, माझ्यावर फक्त ‘कंट्रोल’. दिघीच्या खाडीकाठच्या पाइप यार्डात मला कोरा बिल्ला म्हणतात. कोरा म्हणे! माझ्याइतकं भरलेलं त्या यार्डात कुणी नव्हतं.

काडेपेटीएवढी प्लास्टिकची डबी आणि आत तीन इवल्या चकत्या, एवढाच माझा देह. अंगावर पडलेले किरण या चकत्या साठवून ठेवतात. दर तीन महिन्यांनी आम्हाला मुंबईच्या प्रयोगशाळेत नेऊन तापवतात. तापलो की आम्ही उजळतो. जितके किरण झेललेले, तितका उजेड. जे माणसाच्या डोळ्याला दिसत नाही आणि कातडीला वेळेवर कळत नाही, ते आम्ही सांगतो.

भावांनी कामगारांच्या छातीवर राहायचं. मी मात्र लांब, स्वच्छ जागी बसायचं. मातीत, हवेत थोडे किरण असतातच, तेवढेच मी घ्यायचे. मग प्रत्येकाच्या आकड्यातून माझा आकडा वजा करतात. उरतं ते कामामुळे अंगावर आलेलं. म्हणजे मी त्यांचं शून्य.

यार्डात पाइपांच्या सांध्यांत भेग राहिली का, ते बघायला एक लोखंडी पेटी वापरतात. तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढा, सतत किरण सोडणारा इरिडियम धातूचा तुकडा असतो. तो नळीतून बाहेर सारायचा, सांध्याचा फोटो घ्यायचा, परत पेटीत ओढायचा. काम झालं की पेटी मागच्या खोलीतल्या खड्ड्यात जाते, शिशाच्या झाकणाखाली. झाकण होतं, पण वाकडं बसायचं.

खंडेनवमीला सुपरवायझर विपुलभाईंनी त्याच खड्ड्यापाशी पूजा मांडली. पाने, हातोडे, वेल्डिंगची हत्यारं, पेटी. मग मला उचलून म्हणाले, “हा कुणाच्या अंगाला लागलेला नाही. ना घाम, ना तंबाखू. एकदम सोवळा! हाच ठेवा मधोमध.” हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. पूजा उठली तेव्हा बाकीची हत्यारं कामाला गेली, मला मात्र खड्ड्यावरच्या खिळ्याला टांगलं. “पूजेतली वस्तू आहे. कुणी हात लावायचा नाही.”

माणसांची ही खोड मी नीट ओळखून आहे. एकदा नमस्कार केला, की तुझं काम काय रे बाबा, हे विचारायचं ते सोडून देतात.

वाकड्या झाकणातून किरण वर येत राहिले आणि मी ते पीत राहिलो. तोंड असतं तर बोंब मारली असती.

डिसेंबरात एका दुपारी तो तुकडा नळीत अडकला. अल्पेश नावाच्या पोराने नळी हातात धरून झटकली. पंधरा दिवसांत बोटं लाल झाली, मग फोड आले. महिन्याने प्रयोगशाळेचा कागद आला. अल्पेशच्या बिल्ल्यातला उजेड आणि माझ्यातला उजेड जवळजवळ सारखा. वजाबाकी केली, उरलं शून्य.

विपुलभाईंनी अल्पेशपुढे कागद नाचवला. “बघ! अॅसिड सांडलं असेल हातावर. सोमवारपासून परत पेटीवर ये, नाहीतर घरी बस.”

यार्डात झाडू मारणारी नीराबाई ही अल्पेशची मावशी. शाळेचं तोंड न पाहिलेली, यार्डातल्या पाट्यांवरून अक्षरं जुळवत वाचायला शिकलेली. तिने वाचलेला पहिला शब्द ‘धोका’. तिने तो कागद दोनदा वाचला. “पोराचं बोट सडतंय नि कागद म्हनतो कायच न्हाय? मंग कागदालाच रोग हाय.”

तिकडे प्रयोगशाळेत रेहाना नावाची मुलगी अशाच यार्डांतल्या किरणांचा अभ्यास करत होती. तिला वेगळाच प्रश्न पडला: या यार्डाचं शून्य एवढं उजळतंय कसं? शनिवारी आगरदांड्याहून फेरीबोटीने ती दिघीला यायला निघाली.

मी तोवर पुन्हा त्याच खिळ्यावर आलो होतो. रेहानाचा फोन येताच विपुलभाई धावत आले. “नीराबाई, तो बिल्ला काढून माझ्या ड्रॉवरमध्ये टाका. पटकन!”

“पूजेतला हाय ना तो? हात लावायचा न्हाय म्हनलात.”

“आता मीच सांगतोय ना!”

“मंग तुमीच काढा की. हात धुतलेले हायेत तुमचे.”

विपुलभाई दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशी थांबले. पाऊल आत पडेना. त्यांनी झाकणाकडे बघितलं, मग घाम पुसला. त्या क्षणी मला कळलं, नीराबाईलाही कळलं. झाकण वाकडं बसतं, हे या माणसाला ठाऊक होतं!

नीराबाईने झाडू आडवा धरला. “का वो भाई, देवाच्या खोलीत शिराया भ्या वाटतं? मी रोज शिरते. माझ्या छातीवर तर बिल्ला पन न्हाय.”

तेवढ्यात रेहाना पोचली. तिच्या हातातलं किरण मोजायचं यंत्र उंबऱ्यातच टकटकायला लागलं. तिने वर बघितलं. वाळका हार, हार घातलेला मी. “कंट्रोल इथे? आणि किती दिवस?”

“खंडेनवमीपास्नं,” नीराबाई म्हणाली. “लिहून घे पोरी. हवं तर सही देते, अंगठा न्हाय.”

माझा मागच्या वर्षीचा खरा आकडा धरून वजाबाकी पुन्हा झाली. या वेळी शून्य आलं नाही. तो कागद घेऊन अल्पेश मुंबईच्या इस्पितळात गेला. एका बोटाचं टोक गेलं, हात राहिला. पेटीवर आता त्याला कुणी पाठवू शकत नाही. विपुलभाईंनी नीराबाईला उद्यापासून येऊ नको सांगितलं. ती आली. “लेखी द्या,” म्हणाली, “मी वाचते.” अजून कुणी दिलेलं नाही.

खड्ड्यावर नवं झाकण बसलंय. मी आता यार्डाच्या दुसऱ्या टोकाला, कोरड्या फळीवर असतो. हार नाही, कुंकू नाही. मला एक नवा भाऊ मिळालाय. त्याच्यावर छापलंय ‘नीराबाई’. रोज सकाळी ती ते नाव बोटाने वाचते आणि मगच झाडू उचलते.

मला पुजू नका. शून्य दाखवून कुणी तुमचं तोंड बंद करायला आलं, तर विचारा, शून्य टांगलं होतं कुठे? आणि पुन्हा मला खड्ड्यावर नेऊन बघाच. तापवाल तेव्हा सगळं सांगेन.