रेघेची मागची कड

“बोटं गारठलीत का घाबरलायस?” मी विचारलं.

“दोन्ही,” व्हर्लिन म्हणाला. “तू आपला खांब सांभाळ, एमेट.”

व्हर्लिन स्ट्राउड आमच्या गावचा न्हावी. मी धान्याच्या कोठारावर कामाला. पण हंगामात गावच्या मैदानावर शाळेच्या पोरांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना असला की आम्ही दोघं नारिंगी बंड्या चढवून कडेला उभे राहायचो. दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन खांब. पुढचा माझा, मागचा त्याचा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत तेवढी जमीन मिळवायची. नाही मिळाली तर चेंडू समोरच्यांचा. धावणारी पोरं, ओरडणारे प्रशिक्षक, रडणाऱ्या आया, सगळं एकीकडे आणि जमिनीचा हिशोब आमच्याकडे. मोबदला म्हणाल तर वाटीभर चिली, म्हणजे मांस-राजम्याचं तिखट कालवण, आणि एक दालचिनीचा रोल. व्हर्लिनची बायको मार्व्हा तिथंच मैदानावरच्या टपरीच्या खिडकीत बसून ते विकायची. नवऱ्याच्या वाटीत मांस जास्त पडायचं, हे मी कित्येक वर्षं पाहत आलोय.

त्या शनिवारी दुपारी मात्र चिली कोणाच्या घशाखाली उतरली नाही. जिल्ह्याचा अंतिम सामना होता, आमच्याच मैदानावर, आणि नेब्रास्काभरचा वारा आमच्याच अंगावर आला होता. आम्ही चार गुणांनी पुढे होतो. घड्याळात थोडाच वेळ उरला होता. चेंडू आमच्याकडे होता. ही दहा यार्डं मिळाली की वेळ काढत बसायचं आणि करंडक घरी न्यायचा.

आमचं गाव अंतिम सामन्यात पोचलं होतं ते याआधी एकदाच. तेव्हा डॅरेल कूपनं शेवटची किक गोलच्या खांबांच्या बाहेर मारली. त्याला कोणी बोटही लावलं नाही. फक्त त्याच्या बापाच्या पंपावर पेट्रोल भरणं गावानं बंद केलं. लोक शेजारच्या गावाला जाऊन टाकी भरून यायचे आणि त्यातलं निम्मं येण्याजाण्यातच जाळायचे. हा व्यवहार मला आजवर कळलेला नाही. पुढच्या कापणीच्या आत पंप विकला गेला. डॅरेल आता अलास्कात असतो म्हणे. त्याच्याविषयी कोणी वाईट बोलत नाही, बोलतच नाही.

आमच्या पाठीमागे दोर बांधलेला होता आणि दोरामागे गाव. ट्रॅक्टर विकणारा बक टॅन्सली सगळ्यात पुढे.

“व्हर्लिन, साखळी जरा ढिली सोड की रे!” तो ओरडला. लोक हसले.

“सोडतो. मग तुझी हजामत कोण करणार?”

“आज हरलो तर तुझ्याकडं कोण येतंय हजामतीला!”

पुन्हा हसायला हवं होतं. कोणी हसलं नाही. व्हर्लिननं मान वळवली नाही, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

आता त्या चिमट्याचं सांगतो. साखळी मांडली की जवळच्या पांढऱ्या रेघेच्या मागच्या कडेशी, नेमका तिथंच, साखळीला एक चिमटा लावायचा. मग पोरं अंगावर येऊन आम्ही खांब टाकून पळालो तरी चिमटा त्याच कडेवर धरून साखळी जशीच्या तशी परत मांडता येते. रेघ चार बोटं रुंद. म्हणून कड कुठली, हे ठरलेलं. मागची. नेहमी मागची. व्हर्लिन तो झोपेतही लावू शकला असता.

बकचं बोलणं संपलं तेव्हा व्हर्लिन गुडघ्यावर बसून चिमटाच लावत होता.

तीन प्रयत्न झाले आणि थोडीशी जमीन उरली. चौथ्यात आमचा पोरगा चेंडू छातीशी धरून आमच्याच बाजूनं घुसला. सात-आठ जणांचा ढीग मैदानाच्या कडेच्या रेघेबाहेर कोसळला. आम्ही खांब टाकले आणि उड्या मारल्या. ढीग उठला, तेव्हा साखळी मातीत वेटोळं होऊन पडली होती.

पंच आला. परक्या जिल्ह्यातला, मिशीवर बर्फ साचलेला. त्यानं चेंडू ठेवला आणि मोजणीची खूण केली.

व्हर्लिननं चिमटा उचलला, मी पुढचा खांब. आम्ही साखळी आत नेली.

“मागची कड?” पंचानं विचारलं.

“मागची,” व्हर्लिन म्हणाला. त्यानं चिमटा मागच्या कडेवर टेकवला. मी साखळी ताणून खांब रोवला. चेंडूचं टोक खांबाच्या पुढे होतं, दोन बोटं.

लोकांनी आरोळी ठोकली. दोर तुटला असावा, कारण माझ्या पाठीवर कोणाचा तरी हात पडला. पंच हात वर करायला निघाला. मी व्हर्लिनकडे पाहिलं. दुकानात वस्तऱ्यानं कोणाला कापलं की तो असा पांढराफटक व्हायचा. तो आपल्या गुडघ्याकडे पाहत होता. चिमटा लावताना जिथं टेकला होता, तिथं विजारीवर चुन्याचा आडवा पट्टा उमटला होता. एरवी तो रेघेच्या मागे टेकायचा; म्हणजे आज गुडघा रेघेवर होता. म्हणजे तो रेघ ओलांडून वाकला होता.

बोलू नकोस, मी मनात म्हणालो. देवाचं नाव घेऊन म्हणालो.

“थांबा, साहेब.”

“काय?”

“चिमटा पुढच्या कडेवर लावला होता. चुकून.”

पंच वाकला. हळू आवाजात म्हणाला, “खात्री आहे?”

“आहे.”

“हे तुझंच गाव ना?”

“हो.”

पंच त्याच्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, तोही मनातून ‘नाही म्हण’ असंच सांगतोय. मग त्यानं चिमटा चार बोटं पुढे सरकवायला लावला. मी खांब उचलला. तो खांब आजवर इतका जड लागला नव्हता. परत रोवला. चेंडू आता खांबाच्या अलीकडे होता.

लोकांना शब्द ऐकू आले नव्हते, पण कोण वाकलं, कोण बोललं आणि त्यानंतर काय झालं, एवढं सगळ्यांनी पाहिलं. समोरच्यांना चेंडू मिळाला. दुसऱ्याच प्रयत्नात त्यांनी लांब फेक केली आणि त्यांचा एक लंबूटांग पोरगा ती झेलून शेवटच्या रेषेपलीकडे पळाला, म्हणजे सहा गुण. संपलं.

कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. शेरीफचा माणूस पंचांना गाडीत बसवत होता. तो म्हणाला, “व्हर्लिन, तूपण बस. सोडतो तुला.”

“माझं घर इथंच आहे,” व्हर्लिन म्हणाला.

मार्व्हा खिडकी बंद करून आली आणि त्याच्या दंडाला धरून चालू लागली. लोकांनी वाट दिली. दोन माणसांना लागते त्याहून बरीच रुंद.

रविवारी चर्चमध्ये त्या दोघांच्या बाकावर तिसरं कोणी बसलं नाही. सोमवारी न्हाव्याची सुट्टी. मंगळवारी सकाळी त्यानं दुकान उघडलं, दिवा लावला. मी समोरच्या कॅफेत होतो. सगळे होते. बकच्या कानांवर केस आले होते, आणि तो म्हणत होता, शेजारच्या गावात एक न्हावी चांगला आहे, लांब पडतो एवढंच. माना डोलत होत्या. मीही एकदा डोलावली असेन.

काचेतून व्हर्लिन दिसत होता. त्यानं आरसा पुसला. खुर्ची पुसली. आरसा पुन्हा पुसला.

मी कॉफी तशीच ठेवून उठलो. रस्ता ओलांडला. मलाही याच गावात राहायचंय, कोठारावर यांचंच धान्य उतरतं.

“काय करायचंय?” व्हर्लिननं विचारलं.

“केस कापायचेत.”

मी टोपी काढली आणि खुर्चीत बसलो. त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथं कापण्यासारखं काही उरलेलं नाही. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नातल्या फोटोतही नव्हतं.

“बाजूनं बारीक?” त्यानं विचारलं.

“आणि मागं सरळ.”

त्यानं चादर झटकली, माझ्या गळ्याशी बांधली. समोरच्या काचेशी आता चार-पाच चेहरे गोळा झाले होते, बक तर फुटपाथवर येऊन उभा होता. व्हर्लिननं ते पाहिलं आणि खुर्ची आरशाकडून फिरवून खिडकीकडे केली. मग कात्री उचलली. माझ्या डोक्यावर, नुसत्या हवेत, ती बराच वेळ सावकाश चालत राहिली.