पांढऱ्या बरडावरचा हिवर

मी एक जुना हिवर आहे, बाभळीच्या कुळातलं झाड, मित्रांनो. जाफराबादच्या रस्त्यापासून थोडी आत चुनखडीची एक टेकडी आहे. लोक तिला पांढरं बरड म्हणतात. तिच्या माथ्यावर मी उभा आहे. उभा आहे म्हणतो खरा, पण स्वस्थ कधीच नाही. इथला वारा थांबत नाही, आणि खाली माझी मुळं चुनखडीच्या फटी चाचपत सारखी ओल शोधत असतात.

माझं बी एका शेळीने इथे आणून टाकलं. कोवळेपणी मी सहज कुणाच्या तरी तोंडी गेलो असतो. पण मी रुजलो तो बोरीच्या जाळीत, आणि तिच्या काट्यांत कोणी तोंड घालत नसे. तरवडाच्या झुडपांनी माती धरून ठेवली, कुसळी गवताने ती झाकली, उतारावर खैर आणि धावडा उभे राहिले. अशा भुकेल्या जमिनीत एकटं झाड जगत नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. खालच्या नाल्यावर पाझर तलावाचं काम निघालं. गावातली चांगुणाबाई तिथे माती वाहायला येई. तिच्या तान्ह्या बेबीनंदाची झोळी माझ्या फांदीला बांधलेली असे. हळूहळू इतर बायाही आपली लेकरं माझ्या सावलीत निजवू लागल्या.

तलावाच्या सांडव्याची भिंत बांधायला चुना हवा होता. चुनखडी बरडावर होतीच. पायथ्याला भट्टी पेटली आणि भट्टीला सरपण लागलं. आधी धावडा गेला, मग खैर, मग बोरीची जाळी. तरवडसुद्धा सोडला नाही. प्रत्येक घाव जमिनीतून माझ्यापर्यंत येत होता. आता माझी पाळी, एवढंच मला कळत होतं. आणि मला पळता येत नव्हतं.

एके दिवशी मुकादम तातेराव वर आला. मागे कुऱ्हाड घेऊन कडूबा होता.

"झोळी काढ, चांगुणाबाई. हिवर पाडायचाय."

"अन् लेकरं कुठं निजवायची, दादा? साऱ्या बरडावर एवढीच सावली राह्यली."

"मला का हौस हाय? भट्टी थंडी पडली तर चुना न्हाई. चुना न्हाई तर भिंत न्हाई. मंग समद्यायचंच काम बंद. खाशील काय?"

तातेराव खोटं बोलत नव्हता. चांगुणाबाईने झोळी काढली नाही, म्हणून कडूबाने दुसऱ्या बाजूने घाव घातला. फांदी हादरली. बेबीनंदा दचकून रडू लागली. तिला उचलता उचलता चांगुणाबाईची नजर उतारावर गेली.

"थांब, कडूबा! तोडलेल्या झाडायचे बुडखे तसेच जमिनीत हायत. वाळूनच गेलेत ते. आम्ही बाया खणून देतो."

तातेरावाने उताराकडे पाहिलं. "सांजपर्यंत भट्टी बराबर भरली पायजे. बिलकुल कमी चालणार न्हाई."

"भरून देतो."

बाया कुदळी घेऊन भिडल्या. हाताला फोड आले तरी थांबल्या नाहीत. सांजेला भट्टी पेटली आणि मी वाचलो.

पण मित्रांनो, ते बुडखे मेलेले नव्हते. बोरीचं मूळ अजून ओलं होतं. खैराचं होतं, धावड्याचंही होतं. पाऊस पडताच त्यांना धुमारे फुटले असते. खणू नका, खणू नका, असं मला ओरडायचं होतं. पण झाडाला आवाज तो पानांचा, आणि वारा तर तिथे रोजच असतो. कोणी मान वर करून पाहिलं नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. नाल्यापलीकडच्या टेकडीवरचीही झाडं तोडली होती, पण तिथले बुडखे कोणी खणले नव्हते. त्यांना हिरवे धुमारे आले. गवत कापायला आलेल्या चांगुणाबाईने ते पाहिले आणि ती धावत बरडावर आली. इथे नुसते खड्डे होते. त्यांत पांढरा चिखल साचला होता.

"अगं माय, ती तर जित्ती व्हती!" ती सोबतच्या साळूबाईला म्हणाली.

"मंग काय करायचं व्हतं? भट्टी भरली नसती तर काय खाल्लं असतं आपण?"

चांगुणाबाईने विळा उचलला आणि ती पुन्हा गवताकडे गेली.

दर उन्हाळ्यात माझ्या शेंगा गळतात. पावसात रोपं वर येतात आणि शेळ्या ती खाऊन टाकतात. मागच्या साली चांगुणाबाईने एका रोपाभोवती दगड रचले. ते आता तिच्या गुडघ्याएवढं झालंय. शेळीच्या गळ्यातली घंटी वाजली की माझं सारं लक्ष तिकडे.

मित्रांनो, पुन्हा कठीण दिवस येतील. सरपण लागेल, हे मी जाणतो. फांदी तोडा. अगदीच वेळ आली तर खोडही तोडा. पण बुडखा खणू नका. वरून वाळलेलं दिसतं ते सगळंच मेलेलं नसतं. एक पावसाळा तरी त्याची वाट बघा.