राईतलं गाऱ्हाणं

लग्न होऊन मी मालवणात आले त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळ एकाच प्रश्नाने उजाडायची. ओल्या केसांनी मी न्हाणीघरातून बाहेर येते न येते तोच माजघरातून सासूबाईंचा करडा आवाज यायचा, "सत्यवतीक कुंकू लायलंस गो?"

सत्यवती म्हणजे माझी सवत. ती गेल्यावर वर्षाने मी या घरात आले, आणि रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक मंगळसूत्राशेजारी माझ्या गळ्यात आला. नखाएवढी बाईची आकृती, नाकडोळे आपले नावालाच. कुंकू आधी तिला, मग मला. नवं लुगडं आधी तिला टेकवायचं, मग मी नेसायचं. मेलेल्या बाईचा मान हा असा, आणि जिवंत बाईच्या आमटीला मात्र रोज नाव ठेवलेलं, कारण सत्यवतीचं वाटण म्हणे गंधासारखं असायचं. माझे यजमान सहदेव, हायस्कुलात मास्तर, तसे वाईट नव्हते. पण माझ्याशी बोलताना त्यांची नजर तोंडावरून घसरून टाकावर जाऊन थांबायची, आणि त्या नजरेतली माया आपल्यासाठी नाही हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. मला त्या घरात माझ्या नावाने राहायचं होतं, बाकी काही नको होतं.

बासष्ट सालच्या माघात ते म्हणाले, सत्यवतीच्या माहेरी जाऊन येऊ. गाव वैभववाडीकडे, घाटाच्या पायथ्याशी. सवतीचं माहेर ते आपलं माहेर मानायचं असतं म्हणून सासूबाईंनीही री ओढली. यजमानांच्या शाळेतला फेलिक्स मास्तरही येणार होता. तो मुलांना शास्त्र शिकवायचा, आणि त्या गावची देवराई, जिथे कधी कुऱ्हाड लागली नाही असं ते दाट रान, त्याला एकदा बघायचं होतं. मी अट घातली. राईत आत एक कोंड आहे म्हणतात, बारमाही पाण्याचा डोह. तिच्या गावच्या त्या पाण्यात टाक सोडायचा असेल तर येते. त्यांनी टाकाकडे पाहिलं, मग म्हणाले, "बरां. सोडूया."

वाट दाखवायला सत्यवतीचा चुलता धोंडू आला होता. आदल्या दिवशी घरी पोचलो तेव्हा त्याने मला लेकीसारखी ओटी भरून नावगाव विचारलं होतं आणि मी विमला म्हणून सांगितलं होतं, तेव्हा मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. सकाळी राईच्या सीमेवर, शेंदूर लावलेल्या दगडापाशी, त्याने आम्हाला वहाणा काढायला लावल्या, नारळ ठेवला आणि हात जोडून राखणदाराला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या राईत जातत. ह्यो आमचो जावई सहदेव…"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"ही तेची अस्तुरी सत्यवती…"

"व्हय म्हाराजा."

लहानपणापासून प्रत्येक गाऱ्हाण्याला असं 'व्हय' म्हणत आल्यावर जीभ कुणासाठी थांबत नाही. माझ्या तोंडून शब्द गेला आणि मग कान जागे झाले. मी यजमानांकडे पाहिलं, तर ते डोळे मिटून उभे होते. गाऱ्हाणं मध्येच तोडायचं नसतं, आणि एकदा 'व्हय' म्हटलेलं परत घेता येत नाही. फक्त फेलिक्स बाजूला, टोपी काढून गप्प उभा होता. आपल्या देवाखेरीज दुसऱ्याला होकार देणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं.

"जी नावां तुझ्या कानार घातलंय, तीच सांजेक सुखरूप भायर काड रे म्हाराजा," धोंडू म्हणाला, आणि आम्ही पुन्हा, मीसुद्धा, व्हय म्हटलं.

आत शिरताच ऊन मागे राहिलं. दोघांच्या कवेत न मावणारे बुंधे, त्यांच्यावरून उतरलेले मांडीएवढे वेल, पायाखाली कुजून मऊ झालेला पाचोळा, आणि भर माघात भिंतींना यावी तशी ओल. फेलिक्स दर दहा पावलांवर थांबून पानं निरखायचा. यजमान मात्र माझ्याबरोबर चालत होते. एरवी रस्त्याने चालताना त्यांच्यामागे धापा टाकत मी यायचे. इथे ते ओढ्यापाशी हात देत होते. एका झाडाखाली त्यांनी सुरंगीची फुलं वेचली आणि माझ्या अंबाड्यात खोवली. सुरंगीच्या वासाने माझं कपाळ उठतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी डोकं धरायच्या तयारीनेच होते, पण ते दुखलं नाही. वास गोड लागला, आणि त्याचीच मला भीती वाटली.

पुढे पाचोळ्यात लपलेलं एक मूळ मी न बघता ओलांडलं. फेलिक्स मागून त्याच मुळाला अडखळला. धोंडू वळूनही न पाहता म्हणाला, "तुका आजून वाट ठावक आसा गो."

कोंडाचं पाणी काळं आणि गप्प होतं. मी गळ्यातला टाक सोडवला आणि यजमानांपुढे धरला. त्यांनी तो तळहातावर घेतला, अंगठ्याने पुसला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"ऱ्हवांदे गळ्यात," ते म्हणाले. "गरीब होती बिचारी. तिका माझ्याकडसून कसलांच सुख गावलां नाय."

मला संताप आला. जिच्या आठवणीवर अख्खं घर चालतं, तिला म्हणे सुख मिळालं नाही! ज्या कामासाठी एवढी पायपीट केली ते राहिलं बाजूला, आणि त्यांनी आपल्या हाताने टाक पुन्हा माझ्या गळ्यात बांधला. गाठ मारताना त्यांची बोटं मानेवर रेंगाळली. एवढ्या वर्षांत ती तशी कधी रेंगाळली नव्हती, आणि मी, लाज सोडून सांगते, मान हलवली नाही.

परतताना फेलिक्स म्हणाला, "विमलाबाय, जपान. दगडार शेवाळ आसा."

यजमान थांबले. "कोणाक हाक मारतस रे?"

नवराबायकोची थट्टा चालली आहे असं समजून फेलिक्स हसला. मग त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, धोंडूकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे, आणि त्याचं हसू गेलं. मी काहीतरी बोलावं म्हणून तो वाट बघत होता. माझा हात यजमानांच्या हातात होता. मी बोलले नाही. त्यानंतर त्याने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

सीमेवर धोंडूने नारळ फोडला. "जी नावां घातलंय, ती सगळी भायर इली," तो समाधानाने म्हणाला.

एसटीत यजमानांनी मला खिडकीशी बसवलं. "तुका गाडी लागता," म्हणाले. मला गाडी कधी लागत नव्हती. कणकवलीच्या अलीकडे मला ढवळून आलं, आणि त्यांनी माझी पाठ चोळली. फेलिक्स पुढच्या बाकावर मालवण येईपर्यंत ताठ मानेने बसून होता, आणि उतरताना निरोप न घेताच गर्दीत गेला. रात्री सासूबाईंनी माझ्या हातची आमटी मागून घेतली. जे मागून मागून माझा जीव आंबला होता ते सगळं एका दिवसात पदरात पडलं, आणि त्यातलं माझं म्हणावं असं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओल्या केसांनी मी न्हाणीघरातून आले. माजघरातून सासूबाईंचा आवाज आला, पण करडा नव्हे, पोटच्या लेकीला विचारावं तसा.

"विमलाक कुंकू लायलंस गो?"

टाक माझ्या बोटांत होता. त्याला नाकडोळे आपले नावालाच.

"व्हय," मी म्हटलं.